तास संपताना वहीत काय दिसले पाहिजे? अध्ययन उद्दिष्टे लिहिण्याची एक पद्धत

पाठ टाचणाच्या, म्हणजे तासाच्या लेखी नियोजनाच्या, वहीत ‘उद्दिष्टे’ या शब्दासमोर आपण जी ओळ लिहितो, ती बहुतेक वेळा सगळ्यात घाईने लिहिलेली असते. प्रस्तावनेचे प्रश्न आपण विचारपूर्वक काढतो, शैक्षणिक साधने आदल्या रात्री जमवतो, फलकलेखन कसे करायचे तेही ठरवतो. उद्दिष्ट मात्र मागच्या वर्षीच्या टाचणातून जसेच्या तसे उतरते. ‘विद्यार्थ्यांना अपूर्णांकांची ओळख करून देणे’ हे वाक्य मी स्वतः कितीतरी वर्षे लिहीत आले. ते लिहिल्यामुळे माझ्या तासात काहीही बदलत नव्हते आणि ते साध्य झाले की नाही, हे कळायचा कोणताही मार्ग माझ्याजवळ नव्हता. तास घेतला की ओळख करून दिली गेलीच, मग मुलांच्या हाती काही लागो वा न लागो. उद्दिष्ट लिहिण्याची सुरुवात कुठून करावी, हे ज्या दिवशी मला उमगले, त्या दिवसापासून टाचण हे माझ्यासाठी खरोखर उपयोगाचे साधन झाले. ती पद्धत येथे पायरीपायरीने मांडते. मुख्य उदाहरण इयत्ता पाचवीच्या गणितातील सममूल्य (म्हणजे समान किमतीच्या) अपूर्णांकांचे घेतले आहे, कारण एकच उदाहरण शेवटपर्यंत नेले तर पद्धत नीट दिसते.

आधी शब्द वेगळे करून घेऊ

आपल्याकडे चार शब्द एकमेकांत मिसळतात. ‘ध्येय’ हे अनेक वर्षांचे असते, जसे तर्कशुद्ध विचार करणारा नागरिक घडवणे. ‘अध्ययन निष्पत्ती’, म्हणजे मुलाला काय करता यायला हवे याचे विधान, ही साधारणपणे वर्षाची असते. २०१७ साली शिक्षण हक्क कायद्याच्या केंद्रीय नियमांत दुरुस्ती झाली, इयत्तावार आणि विषयवार निष्पत्ती निश्चित झाल्या, आणि आज त्या बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांत सांकेतिक क्रमांकांसह छापलेल्या असतात. ‘उद्दिष्ट’ हे तासाचे किंवा फार तर दोन-तीन तासांच्या उपघटकाचे असते. बी.एड.च्या पाठात आपण उद्दिष्टाखाली जी ‘स्पष्टीकरणे’ लिहितो, ती ते उद्दिष्ट साध्य झाल्याची दिसणारी लक्षणे असतात. आपली सर्वांत मोठी चूक ही की पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासासमोर आपण वर्षाची निष्पत्ती, आणि कधी कधी तर ध्येयच, लिहून टाकतो.

या विचाराला मोठी परंपरा आहे. उद्दिष्ट म्हणजे शिक्षक काय करणार याची यादी नसून विद्यार्थ्यात काय बदल होणार याचे विधान होय, ही मांडणी अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ राल्फ टायलर यांनी १९४९ मध्ये केली. बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये बोधात्मक, म्हणजे विचार व ज्ञानाशी संबंधित, उद्दिष्टांच्या सहा पातळ्या मांडल्या. ब्लूम त्याच दशकाच्या उत्तरार्धात परीक्षा-सुधारणेच्या कामासाठी भारतात आले होते, आणि ‘ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य’ ही आपल्या पाठ टाचणांतील चौकट त्याच विचारधारेतली आहे. रॉबर्ट मेगर यांनी १९६२ मध्ये उद्दिष्टाच्या वाक्याचे तीन भाग सांगितले: विद्यार्थी काय करेल, कोणत्या परिस्थितीत करेल आणि किती चांगले केले म्हणजे पुरे. हे तीन भाग आजही सर्वांत उपयोगी आहेत. फक्त ते कोणत्या क्रमाने लिहावेत, याबाबत माझे मत थोडे वेगळे आहे.

पहिली पायरी: निष्पत्ती उघडून तिचे तासांत तुकडे करा

पाचवीच्या गणितातील एक निष्पत्ती अशा आशयाची आहे, की मुले दिलेल्या अपूर्णांकाचे सममूल्य अपूर्णांक ओळखतात व तयार करतात. वाक्य छोटे आहे, पण त्यात दोन क्रियापदे आहेत, आणि दोन क्रियापदे म्हणजे किमान दोन वेगळ्या गोष्टी. चार अपूर्णांकांतून सममूल्य असलेला निवडणे हे एक काम, आणि कोऱ्या वहीवर नवा सममूल्य अपूर्णांक लिहिणे हे दुसरे. या दोन्हींच्या आधी आणखी एक गोष्ट लागते: कागदाच्या पट्टीचा अर्धा भाग आणि चारपैकी दोन भाग ही एकाच भागाची दोन नावे आहेत, हे मुलाने हाताने घडी घालून पाहिलेले असणे. म्हणून मी ही निष्पत्ती अशी वाटून घेते: पहिल्या तासाला पट्टीवर एकाच भागाची दोन नावे, दुसऱ्या तासाला निवड आणि तिचे कारण, तिसऱ्या तासाला गुणून तयार करणे, चौथ्या तासाला दिलेल्या छेदाचा सममूल्य अपूर्णांक काढणे, आणि त्यानंतर तुलनेसाठी त्याचा वापर. वर्ग वेगळा असेल तर तुकडेही वेगळे पडतील. मात्र प्रत्येक तुकडा असा असावा की तो एका तासात शिकता येईल आणि त्याच तासात तपासताही येईल.

दुसरी पायरी: शेवटच्या पाच मिनिटांचा प्रश्न आधी लिहा

या लेखात मला जे प्रामुख्याने सांगायचे आहे ते येथेच आहे. उद्दिष्टाचे वाक्य आधी लिहून मग त्यावर प्रश्न काढू नका. तास संपताना प्रत्येक मुलाने आपल्या वहीत एकट्याने काय करून दाखवावे, तो प्रश्न आधी लिहा, आणि त्या प्रश्नातून उद्दिष्टाचे वाक्य काढा. वाक्य आधी लिहिले की आपण नकळत भारदस्त शब्दांकडे वळतो. प्रश्न आधी लिहिताना तशी सोय नसते, कारण डोळ्यांसमोर एक ठरावीक मूल आणि एक ठरावीक कोरे पान असते.

चौथ्या तासासाठी माझा प्रश्न असा असतो: ‘२/३ ला सममूल्य असणारा, छेद १२ असलेला अपूर्णांक लिहा. बारा चौकटींच्या पट्टीवर तो रंगवून दाखवा.’ हाच प्रश्न का, ते सविस्तर सांगते, कारण चांगल्या उद्दिष्टाचा सगळा जीव या निवडीत असतो. बरोबर उत्तर ८/१२. पण वर्गात आणखी दोन उत्तरे हमखास येतात. काही मुले २/१२ लिहितात: त्यांनी छेद बदलला, अंश तसाच ठेवला, म्हणजे अपूर्णांक ही त्यांच्या लेखी अजून एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन संख्यांची जोडी आहे. काही मुले ११/१२ लिहितात: तीनचे बारा करायला नऊ मिळवावे लागतात, म्हणून त्यांनी दोनमध्येही नऊ मिळवले. या मुलांना दोन्हीकडे सारखेच काहीतरी करायचे असते एवढे कळले आहे, पण ते मिळवणे नसून गुणणे आहे हे कळलेले नाही. दोन्ही चुका वेगळ्या आहेत आणि दोघांसाठी दुसऱ्या दिवशीचे काम वेगळे आहे. ‘१/२ = २/४ हे बरोबर की चूक?’ असा प्रश्न विचारला असता, तर यातले काहीच दिसले नसते.

पट्टी रंगवण्याचा भाग तितकाच महत्त्वाचा आहे. चार तिन्हे बारा, चार दुणे आठ, असे पाढ्याच्या आधारे ८/१२ लिहिणारे मूल पट्टीवर किती चौकटी रंगवावे यापाशी अडते, तेव्हा रीत आली आहे पण अर्थ आलेला नाही, हे आपल्याला त्याच क्षणी समजते. म्हणून प्रश्न काढताना स्वतःला विचारा: न समजता या प्रश्नाचे उत्तर बरोबर येऊ शकेल का? येऊ शकत असेल, तर प्रश्नाला आणखी एक बाजू जोडा.

तिसरी पायरी: क्रियापद

प्रश्न तयार असला की क्रियापद आपोआप मिळते: मूल लिहिते, रंगवते, निवडते, मोजते, कारण सांगते. तरीही मराठीत या ठिकाणी काही खास खळगे आहेत, ते पाहून घ्यावेत.

पहिला खळगा प्रयोजक क्रियापदांचा. ‘समजावणे, शिकवणे, दाखवणे, करून घेणे, ओळख करून देणे’ या सर्वांत काम करणारा शिक्षक असतो. टाचणातील उद्दिष्टाच्या ओळीचा कर्ता शोधावा. तो ‘विद्यार्थी’ नसून ‘मी’ निघाला, तर ते उद्दिष्ट नसून अध्यापनकृती आहे, आणि तिची जागा टाचणाच्या पुढच्या रकान्यात आहे. दुसरा खळगा ‘समजणे, आकलन होणे, जाणीव होणे, संकल्पना स्पष्ट होणे’ या क्रियापदांचा. यांत कर्ता विद्यार्थीच असतो, पण कृती त्याच्या डोक्यात घडते आणि आपल्याला दिसत नाही. हे शब्द चुकीचे नाहीत. आपल्याला हवे असते ते समजणेच. पण ‘समजले म्हणजे मूल काय करू लागेल?’ हा पुढचा प्रश्न विचारल्याशिवाय तेथे थांबू नये.

तिसरा खळगा अधिक नाजूक आहे, कारण त्यातले शब्द ‘दिसणाऱ्या’ क्रियापदांच्या वेषात येतात. ‘सांगतो’ या एका शब्दात पाठ म्हणून दाखवणे, स्वतःच्या शब्दांत मांडणे आणि कारण देणे हे सगळे मावते. ‘विद्यार्थी सममूल्य अपूर्णांकाची व्याख्या सांगतो’ हे प्रत्यास्मरण, म्हणजे आठवून सांगणे, आहे. ‘६/९ आणि ८/१२ सममूल्य का आहेत ते सांगतो’ हे आकलन आहे. ‘ओळखतो’ याचेही तसेच: समोर ठेवलेल्यांतून निवडणे, म्हणजे प्रत्यभिज्ञा, असाही त्याचा अर्थ आणि नुसते माहीत असणे असाही. ‘स्पष्ट करतो’ हा तर आपल्या टाचणांत सर्वाधिक राबवलेला शब्द असावा. हे शब्द टाळलेच पाहिजेत असे नाही, पण त्यांच्यासोबत कशातून, कशाच्या आधारे आणि कोणत्या रूपात हे लिहावे. ‘दिलेल्या सहा अपूर्णांकांतून २/३ ला सममूल्य असलेले ओळखून त्यांना गोल करतो’ या वाक्यात ‘ओळखतो’ला जागा आणि अर्थ दोन्ही मिळतात.

चौथी पायरी: परिस्थिती आणि निकष

परिस्थिती म्हणजे मुलाने ते काम कशाच्या मदतीने किंवा कशाच्या मदतीशिवाय करायचे. हा भाग आपण जवळजवळ नेहमीच गाळतो. ८/१२ च्या प्रश्नात पाढ्यांचा तक्ता भिंतीवर दिसू द्यावा की झाकावा? माझे उत्तर: दिसू द्यावा. आजचे उद्दिष्ट सममूल्यतेचे आहे. पाढा कच्चा असल्यामुळे एखादे मूल अडले, तर मी तपासते आहे अपूर्णांक आणि नापास करते आहे पाढ्यांत, असे होते. म्हणून वाक्यात ‘पाढ्यांचा तक्ता पाहून’ असे स्पष्ट लिहिते.

निकष म्हणजे किती आणि कसे जमले म्हणजे पुरे. येथे आपण सवयीने ‘८० टक्के’ लिहितो, आणि बहुधा ती संख्या कशावरूनही आलेली नसते. एका प्रश्नाच्या तपासणीत टक्केवारी निरर्थक आहे; तेथे ‘उत्तर बरोबर आणि पट्टी जुळणारी’ हाच निकष. चार-पाच सारख्या उदाहरणांचा सराव असेल तर ‘पाचपैकी चार’ म्हणण्यात अर्थ असतो, कारण एखादी गुणाकाराची चूक माफ करता येते. मुलाचा निकष आणि वर्गाचा निकषही वेगवेगळे ठेवावेत. पहिला उद्दिष्टात लिहावा. दुसरा, म्हणजे किती मुलांना जमले तर पुढच्या उपघटकाकडे जायचे, तो टाचणाच्या समासात स्वतःसाठी नोंदवावा.

परिस्थिती आणि निकष यांचे वजन किती असते, ते पायाभूत वाचन-लेखन व गणितासाठीच्या निपुण भारत अभियानाच्या लक्ष्यांत छान दिसते. २०२१ मध्ये सुरू झालेल्या या अभियानात दुसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला ४५ ते ६० शब्द अर्थ समजून वाचावेत, असे अपेक्षित आहे. यातून ‘अर्थ समजून’ काढून टाकले तर उरते ती फक्त शर्यत, आणि घड्याळ लावून वाचन घेणाऱ्या वर्गात ते शब्द गळून पडताना मी पाहिले आहे. निकष लिहिताना जे मोजायला सोपे आहे तेच उरणार नाही, याची काळजी आपणच घ्यायची असते.

आता चौथ्या तासाचे वाक्य तयार झाले: ‘पाढ्यांचा तक्ता पाहून, विद्यार्थी दिलेल्या अपूर्णांकाचा दिलेल्या छेदाचा सममूल्य अपूर्णांक लिहितो आणि तो चौकटींच्या पट्टीवर अचूक रंगवून दाखवतो.’ यातला ‘दाखवतो’ प्रयोजकच आहे, पण त्याचा कर्ता विद्यार्थी आहे, म्हणून तो चालतो. वाक्य लांब आहे, याची मला अडचण वाटत नाही.

पातळी ठरवते ती प्रश्नाची नवलाई

ब्लूम यांच्या पातळ्यांचे २००१ मध्ये लॉरिन अँडरसन, डेव्हिड क्रॅथवोल व सहकाऱ्यांनी सुधारित रूप मांडले: स्मरण, आकलन, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन आणि सर्वांत वर निर्मिती. या पातळ्यांसमोर क्रियापदांच्या तयार याद्या फिरतात, आणि त्या पाहून उद्दिष्ट लिहिण्याची सवय लागते. मला ही सवय घातक वाटते. ‘विश्लेषण करतो’ असे लिहिले आणि विचारलेला प्रश्न काल फळ्यावर सोडवलेलाच असेल, तर मूल करते ते स्मरणच. उलट ‘सांगतो’ हे साधे क्रियापद ठेवून प्रश्न नवा दिला, तर पातळी उंच जाते.

सहावीच्या भूगोलातील एक उदाहरण पाहा. ‘अक्षवृत्ते व रेखावृत्ते यांचा उपयोग समजून घेणे’ असे उद्दिष्ट नेहमी दिसते. ते ‘नकाशासंग्रहातील भारताच्या नकाशात दाखवलेल्या तीन शहरांचे अक्षांश व रेखांश जवळच्या पूर्ण अंशात वाचून दिशेसह लिहितो’ असे केले, की कौशल्य तपासता येते. मुंबईसाठी १९° उत्तर, ७३° पूर्व असे उत्तर यायला हवे. यावरची पातळी हवी असेल, तर क्रियापद शोधत बसण्याऐवजी प्रश्न बदला: ‘एका मुलाने मुंबईचे स्थान ७३° उत्तर, १९° पूर्व असे लिहिले. जगाच्या नकाशात ते ठिकाण शोधा आणि त्याची चूक कोणती झाली ते लिहा.’ ते ठिकाण नॉर्वेच्याही उत्तरेला समुद्रात येते, आणि तिथे बोट पोहोचले की मुलांचे चेहरे पाहण्यासारखे होतात. चुकीचे कारण शोधणे हे विश्लेषणच आहे, मग वाक्यात तो शब्द असो वा नसो.

ज्या गोष्टी तासात मोजता येत नाहीत

‘देशप्रेम जागृत होणे’, ‘निसर्गाविषयी आवड निर्माण होणे’ अशी भावात्मक उद्दिष्टे आपण एका तासासमोर लिहितो. ती महत्त्वाची आहेत म्हणूनच ती तिथे लिहू नयेत असे माझे मत आहे, कारण चाळीस मिनिटांनी त्यांच्यासमोर ‘साध्य’ लिहिणे खोटे ठरते. त्यांची जागा घटक नियोजनात आणि वार्षिक नियोजनात आहे, आणि त्यांचा पुरावा वर्णनात्मक नोंदींत, महिनोन्महिने साठत जाणारा: शाळेच्या आवारातील रोपांना कोण न सांगता पाणी घालते, नव्या मुलाला कोण डब्याला बोलावते.

कवितेच्या तासाचे काय, हा प्रश्न मराठीच्या शिक्षकांनी मला अनेकदा विचारला आहे. कविता वाचून प्रत्येक मुलाला काय वाटावे हे आधी ठरवणे चूकच आहे. कलाशिक्षणाचे अभ्यासक एलियट आयस्नर यांनी १९६० च्या दशकातच दाखवून दिले होते, की कलेच्या काही अनुभवांत फलित आधी सांगता येत नाही आणि सांगूही नये. तरीही एवढे लिहिता येते: ‘विद्यार्थी कवितेतील आवडलेली एक ओळ निवडतो आणि ती का आवडली, ते ओळीतील किमान एका शब्दाचा आधार घेऊन लिहितो.’ येथे उत्तर मोकळे आहे, पण शब्दाकडे परत जाण्याची अट पक्की आहे. काही मुले अशी ओळ निवडतात, जिच्याकडे आपले कधी लक्षच गेलेले नसते.

मुलांना उद्दिष्ट केव्हा सांगावे

बी.एड.च्या पाठात प्रस्तावनेनंतर हेतुकथन येते, आणि आपण ‘आज आपण सममूल्य अपूर्णांक शिकणार आहोत’ असे म्हणून फळ्यावर शीर्षक लिहितो. हे घटकाचे नाव झाले. मुलांना सांगायचे ते त्यांच्या भाषेत, त्यांच्या कृतीचे: ‘तास संपेल तेव्हा मी कोणताही छेद सांगितला, तरी त्या छेदाचा जोडीदार अपूर्णांक तुम्हाला शोधता आला पाहिजे आणि पट्टीवर रंगवून मला पटवता आला पाहिजे.’ अर्थात, ज्या छेदाचा जोडीदार सापडणारच नाही असाही एखादा छेद सांगावा; २/३ साठी छेद १० मागितला की वर्गात होणारी चर्चा फार मोलाची असते. मात्र घडीच्या पट्टीचा पहिला तास असेल, तर सुरुवातीला काहीच सांगू नये. तिथे मुलांनी स्वतः शोधायचे आहे, आणि हेतुकथन आधी केले तर शोध संपतो. तो तास संपताना आज आपण काय शोधले, ते मुलांकडूनच म्हणवून घ्यावे.

दोनशिक्षकी शाळेत तिसरी, चौथी आणि पाचवी एकत्र बसत असतील, तर तीन उद्दिष्टांचे तीन तास घेण्याऐवजी एकाच पट्टीवर तीन उद्दिष्टे ठेवता येतात: तिसरी अर्धा आणि पाव भाग रंगवते, चौथी रंगवलेल्या भागाचा अपूर्णांक लिहिते, पाचवी त्याच भागाचे दुसरे नाव शोधते. साधन एक, घडी एक, शेवटच्या पाच मिनिटांचे प्रश्न तीन. हे टाचणात एकाखाली एक लिहिले की कोणाकडे केव्हा जायचे तेही सुचत जाते.

तासानंतर

वह्या गोळा केल्यावर गुण देऊ नका. तीन गठ्ठे करा: ८/१२ आणि पट्टी बरोबर, ८/१२ बरोबर पण पट्टी चुकलेली, उत्तरच वेगळे. तिसऱ्या गठ्ठ्यात २/१२ आणि ११/१२ पुन्हा वेगळे करा. चाळीस वह्यांना दहा मिनिटे लागतात, कारण प्रत्येकीत एकच उत्तर पाहायचे असते. टाचणाच्या ‘शेरा’ या रकान्यात ‘पाठ चांगला झाला’ असे न लिहिता प्रत्येक गठ्ठ्याची संख्या लिहा. सगळ्यांचेच बरोबर आले असेल, तर प्रश्न फार सोपा होता का, हेही तपासा.

समजा, ११/१२ लिहिणारी नऊ मुले निघाली. तर दुसऱ्या दिवशीच्या टाचणात, त्या नऊ जणांसाठी, पुढील उपघटकाच्या आधी ही ओळ येईल: ‘विद्यार्थी २/३ आणि ११/१२ हे दोन्ही अपूर्णांक बारा चौकटींच्या दोन पट्ट्यांवर रंगवतो, त्यांतील फरक चौकटी मोजून लिहितो, आणि दोन्हीकडे नऊ मिळवल्यावर भाग सारखा का राहिला नाही, ते आपल्या शेजाऱ्याला पट्टी दाखवून सांगतो.’